नऊ व्होल्ट आणि पांढरी पाच : बेस गिटारच्या पेडलना वीज कुठून द्यावी, याचा पुण्यातून पाहिलेला इतिहास

१/
बेस गिटारवादक तारांवरून हात उचलतो, बाकीचे वादकही थांबतात, आणि तरीही स्पीकरमधून एक जाड, संथ स्वर येतच राहतो. ध्वनिव्यवस्था सांभाळणारे त्याला 'हम' म्हणतात. पुण्यात हा स्वर कोठेही ऐकावा, तो पेटीवरच्या पांढरी पाचच्या किंचित वर आणि काळी चारच्या खाली लागतो. न्यूयॉर्कमध्ये मात्र तोच स्वर काळी पाच आणि पांढरी सात यांच्यामध्ये सापडेल. दोन शहरांच्या गुणगुणीची पट्टी वेगळी का, आणि पायाखालच्या पेडलसाठी वीजपुरवठा निवडताना त्या फरकाचा विचार का करावा लागतो, हा आजच्या धाग्याचा विषय. धागा लांब आहे; वाटेत खोपोली, मुळशी, खडकी आणि तपकीर गल्ली लागेल.

२/
प्रथम अपरिचितांसाठी दोन शब्द. बेस गिटारच्या तारांखाली चुंबक आणि तारेचे वेटोळे असते, त्याला पिकअप म्हणतात. तार थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण विद्युत्संकेत उमटतो. तो संकेत केबलमधून अॅम्प्लिफायरकडे जाताना वाटेत त्याच्यावर संस्कार करणाऱ्या, पायाने दाबायच्या धातूच्या डब्या म्हणजे इफेक्ट पेडल. कोणी आवाज खरखरीत करते, कोणी दाबून एकसारखा करते, कोणी त्याचा प्रतिध्वनी उठवते. यातील बहुतेक डब्यांना स्वतःची वीज लागते. ही वीज अशुद्ध असेल, तर तिची अशुद्धी संकेतात मिसळते आणि अॅम्प्लिफायर सुरांबरोबर तिलाही शंभरपट मोठे करतो.

३/
पेडलचा इतिहास बहुधा गिटारच्या अंगाने सांगितला जातो. पण त्याच्या मुळाशी बेस आहे, हे मुद्दाम नोंदवले पाहिजे. अमेरिकेतील नॅशव्हिल येथे मार्टी रॉबिन्स यांचे 'डोन्ट वरी' हे गाणे ध्वनिमुद्रित होत असताना ग्रेडी मार्टिन यांच्या सहा तारांच्या बेसचा आवाज मिक्सिंगच्या यंत्रातील एका बिघडलेल्या मार्गातून गेला आणि फाटका, घोगरा होऊन बाहेर पडला. गाणे 1961 मध्ये बाजारात आले, तो फाटका आवाज लोकांना आवडला, आणि ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तोच दोष ट्रान्झिस्टरच्या साहाय्याने हुकमी निर्माण करणारी डबी रचली. गिब्सन कंपनीने ती 1962 मध्ये 'माएस्ट्रो फझ-टोन' या नावाने विकायला काढली. थोडक्यात, एका यंत्राचे दुखणे हा दुसऱ्या यंत्राचा गुण झाला.

या पहिल्या डबीला 9 व्होल्ट लागत नव्हते. दीड व्होल्टचे दोन साधे सेल, एकूण 3 व्होल्ट, एवढ्यावर तिचे भागे.

४/
मग 9 व्होल्ट आले कुठून? ट्रान्झिस्टर रेडिओतून. फ्रान्सच्या लक्लांशे यांनी 1866 मध्ये शोधलेल्या घटाच्या वंशातील प्रत्येक कोरडा सेल दीड व्होल्टचा. असे सहा चपटे सेल एकावर एक रचले की 9 व्होल्ट होतात. खिशात मावणाऱ्या रेडिओसाठी 1956 च्या सुमारास ही चौकोनी, डोक्यावर दोन बटणे असलेली बॅटरी बाजारात आली. पेडल बनवणाऱ्यांना छोट्या डबीत बसणारा, कोणत्याही दुकानात मिळणारा तयार वीजस्रोत हवा होता. तो रेडिओवाल्यांनी आयता करून ठेवला होता. संगीताच्या दृष्टीने 9 या आकड्यात काहीही पवित्र नाही. तो रेडिओच्या खिशाचे माप आहे.

५/
आता थोडे मागे, कारण आपल्याकडच्या एका शब्दाचा उगम त्या काळात आहे. 1920 च्या दशकातील व्हॉल्व्हचे रेडिओ भिंतीतल्या विजेवर नव्हे, बॅटऱ्यांवर चालत. व्हॉल्व्हची तार तापवायला एक बॅटरी, आणि पन्नास-शंभर व्होल्टचा दाब द्यायला दुसरी, अधिक महाग बॅटरी. 1925 च्या सुमारास ही कटकट संपवणारी उपकरणे निघाली: भिंतीतला विद्युत्प्रवाह घेऊन, त्याला एकदिश करून, गाळून रेडिओला पुरवणारी. टोरांटोच्या एडवर्ड रॉजर्स यांनी बॅटरीविना चालणारा रेडिओ त्याच वर्षी आणला. फिलाडेल्फियाची एक बॅटरी कंपनी, जी पुढे 'फिल्को' म्हणून गाजली, तिनेही असली उपकरणे विकली. स्वतःच्याच मालाचा काटा काढणारा माल विकण्याची ही व्यापारी हुशारी दुर्मीळच. बॅटरी नाहीशी करणारे, म्हणून त्या उपकरणाचे नाव पडले 'बॅटरी एलिमिनेटर'.

६/
पाश्चात्त्य देशांत हा शब्द व्हॉल्व्हच्या रेडिओबरोबर मागे पडला. आपल्याकडे तो टिकला. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत आजही "एलिमिनेटर आहे का?" असे विचारले, तर दुकानदार काळा चौकोनी ठोकळा पुढे ठेवतो. त्याच्या पाठीवर 3, साडेचार, 6, साडेसात, 9, 12 असे आकडे आणि एक फिरणारा खटका. वायरीच्या टोकाला वेगवेगळ्या मापांच्या पिना, आणि अधिक-उणे उलटे करण्याची सोय. आकाशवाणीचे पुणे केंद्र 1953 मध्ये सुरू झाले. त्यानंतरच्या ट्रान्झिस्टर, टेपरेकॉर्डर, वॉकमन आणि छोट्या कीबोर्डच्या पिढ्यांना याच ठोकळ्याने पोसले.

पुण्यातल्या कित्येक वादकांच्या पहिल्या पेडलला पहिली वीज याच ठोकळ्याने दिली असणार. त्याचे दोन दोष मात्र बेसवाल्याला महागात पडतात. पहिला असा की तो नियंत्रित नसतो: 9 वर खटका ठेवला, तरी भार कमी असताना तो 12-13 व्होल्ट देऊ शकतो. दुसरा असा की त्याची गाळणी अपुरी असते. त्यातून काय निसटते, हे समजण्यासाठी आता भिंतीतल्या विजेकडे वळू.

७/
महाराष्ट्राच्या विजेचा मोठा आरंभ सह्याद्रीच्या कड्यावर झाला. टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनी 1910 मध्ये स्थापन झाली. लोणावळा, वळवण आणि शिरवटा येथे पावसाचे पाणी अडवून ते घाटाखाली सुमारे 500 मीटर कोसळवायचे आणि खोपोलीला वीज निर्माण करायची, ही योजना 1915 मध्ये प्रत्यक्षात आली. 1922 मध्ये भिवपुरी आणि 1927 मध्ये भिरा ही पुढची केंद्रे. पाणी घाटमाथ्याचे, वीज मुख्यतः मुंबईच्या गिरण्यांसाठी.

८/
भिऱ्याची वीज म्हणजे मुळशीचे पाणी. पुण्याच्या पश्चिमेचे, भातशेतीचे मुळशी खोरे धरणाखाली जाणार हे कळल्यावर तेथील मावळे शेतकरी उभे राहिले. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, सत्याग्रह सुरू झाला. 'जान किंवा जमीन' ही त्याची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते. बापटांना 'सेनापती' ही पदवी याच लढ्याने दिली. पुण्याच्या पुढारी वर्गातील काहींनी साथ दिली, पण त्याच शहरात बसलेल्या सावकारांना आणि मोठ्या जमीनमालकांना भरपाईच्या रकमेत अधिक रस होता, आणि लढ्यातील ही फट अखेरपर्यंत बुजली नाही. धरण झाले. गावे गेली. धरणामुळे विस्थापित होणाऱ्यांच्या संघटित लढ्यांत जगातील अगदी आरंभीच्या लढ्यांमध्ये मुळशीची गणना होते.

पेडलच्या धाग्यात मुळशी कशाला, असे कोणी विचारील. भिऱ्याची जनित्रे आजही फिरत आहेत, आणि ती आपल्या भिंतीतल्या विजेशी कशी बांधली गेली आहेत ते पुढच्याच भागात येते.

९/
जनित्र फिरते तेव्हा विजेची दिशा सतत पालटत राहते. सेकंदाला असे किती पूर्ण फेरे व्हावेत, याचे प्रमाण अमेरिकेने 60 ठरवले, युरोपने 50. आपल्याकडे 50 रुजले. महत्त्वाची गोष्ट ही की एका जाळ्याला जोडलेली सर्व जनित्रे एकाच लयीत फिरावी लागतात. एकाने पुढे पळायचे आणि दुसऱ्याने मागे रेंगाळायचे, हे चालतच नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ 1960 मध्ये स्थापन झाले, कोयनेचा पहिला टप्पा 1962 पासून वीज देऊ लागला. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला, तेव्हा मुंबईचाही वीजपुरवठा कोलमडला: पाटण तालुक्यातला धक्का महानगराच्या दिव्यांपर्यंत पोहोचला. 31 डिसेंबर 2013 रोजी रायचूर-सोलापूर या 765 किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचे जाळे उरलेल्या देशाशी जोडले आणि सारा देश एका लयीवर आला. आज सदाशिव पेठेतल्या स्पीकरमधून येणारा 'हम' म्हणजे कोयना, भिरा, चंद्रपूर आणि देशभरच्या शेकडो जनित्रांचा एकत्रित ठेका आहे.

१०/
आता हिशेब. चार तारांच्या बेसच्या मोकळ्या तारा खालून वर अशा: 41.2, 55, 73.4 आणि 98 हर्ट्झ. सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवले की 49 हर्ट्झ, म्हणजे पांढरी पाच, चौथ्यावर 51.9, म्हणजे काळी चार. भिंतीतली वीज 50. पांढरी पाचपासून हे अंतर एका अर्ध्या स्वराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाचे आहे.

एवढ्यावर भागत नाही. पर्यायी विजेला एकदिश करताना तिची उलटी लाट सुलटी केली जाते. त्यामुळे एलिमिनेटरच्या अपुऱ्या गाळणीतून निसटणारी लहर 50 ची नव्हे, 100 हर्ट्झची असते. आणि बेसची सर्वांत बारीक मोकळी तार आहे 98 हर्ट्झची. तीही पांढरी पाचच, एक सप्तक वरची. म्हणजे भारतातल्या बेसवाल्याची गुणगुण त्याच्या स्वतःच्या दोन स्वरांना खेटून बसलेली असते. तो पांढरी पाच लांबवू लागला की स्वर आणि गुणगुण एकमेकांवर हेलकावे घेतात: खाली सेकंदाला एक, वर सेकंदाला दोन. वाद्य नीट जुळवलेले असूनही बेसुरे वाटते.

गिटारवाल्याला येथे पळवाट आहे. त्याचा सर्वांत खालचा स्वर 82.4 हर्ट्झचा, त्याने 80 च्या खालचे सारे छाटून टाकले, तरी त्याचे फारसे बिघडत नाही. बेसवाल्याने तेच केले, तर त्याचे वाद्यच छाटले जाईल. म्हणून गिटारसाठी चालणारा सल्ला बेसला जसाच्या तसा लावू नये. बेसमध्ये गुणगुण उगमापाशीच रोखावी लागते, आणि तो उगम बहुतेक वेळा वीजपुरवठ्यात असतो.

११/
येथे एक गंमत. मागणी वाढून निर्मिती अपुरी पडली की जनित्रे दमतात आणि लय 50 च्या खाली घसरते. तुटवड्याच्या काळात ही घसरण नित्याची होती. पश्चिम विभागात 2002 च्या जुलैपासून लागू झालेल्या नव्या दरपद्धतीत लय घसरलेली असताना ठरल्याहून जास्त वीज ओढणाऱ्याला जबर भुर्दंड बसू लागला. ती पद्धती ज्या पट्ट्यासाठी आखली होती तो होता 49.0 ते 50.5 हर्ट्झ. पुढे हा पट्टा टप्प्याटप्प्याने आवळत 49.90 ते 50.05 पर्यंत आणला गेला. याचा संगीतातला अर्थ असा: त्या पट्ट्याच्या तळाशी भारतीय वीज नेमकी पांढरी पाचमध्ये गात असे. देशाच्या वीजटंचाईचे मोजमाप बेसच्या तिसऱ्या पडद्यावर घेता आले असते.

१२/
टंचाई केवळ लयीत दिसत नव्हती. 2005 मध्ये मंडळाचे विभाजन होऊन 'महावितरण' वेगळी झाली, आणि ती वर्षे भारनियमनाची होती. ग्रामीण महाराष्ट्रात दिवसाचे दहा-बारा तास अंधार असे. पुण्याने मात्र 2006 च्या जूनमध्ये स्वतःपुरता मार्ग काढला, तो 'पुणे मॉडेल' म्हणून ओळखला जातो. शहरातील आणि भोवतालच्या कारखान्यांनी आपली डिझेल जनित्रे चालवून स्वतःची गरज भागवायची, त्यामुळे वाचलेली वीज शहराला मिळायची, आणि या महाग विजेचा जादा खर्च जास्त वीज वापरणाऱ्या ग्राहकांनी उचलायचा. योजना चालली, शहरातले भारनियमन थांबले. ती कल्पक होती यात शंका नाही. पण पैसे मोजू शकणाऱ्या शहराने रांगेतून बाहेर पडण्याची ती युक्तीही होती. पुण्यात दिवे असताना शेजारच्या तालुक्यात पंप बंद होते, हेही त्याच पानावर लिहिले पाहिजे.

संगीताच्या बाजूने पाहता, इन्व्हर्टर घरोघर पोहोचले ते या काळात. त्यातील स्वस्त इन्व्हर्टर गोलसर लाटेऐवजी चौकोनी लाट देतात. पंखा त्यावर कुरकुरतो, आणि साध्या एलिमिनेटरवरचे पेडल गुणगुणण्याऐवजी चरचरते.

१३/
पुण्याचा या विषयातला सर्वांत मोठा वाटा दिवाणखान्यात नाही, मंचामागे आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी 1946 मध्ये खडकीला उभी राहिली. 1962 मध्ये कोथरूडला किर्लोस्कर-कमिन्स आली. भारतातल्या कोणत्याही खुल्या मैदानावरील कार्यक्रमात मंचामागे धडधडणारा जनित्रसंच या दोन नावांपैकी एकाचा असण्याची शक्यता दाट. पुण्यातच 2010 मध्ये सुरू झालेला एनएच-सेव्हन वीकेंडर असो की पेठेतल्या मंडळाचा ऑर्केस्ट्रा, वीज बहुधा चाकांवर उभी असते.

जनित्राचे गणित सरळ आहे. चार ध्रुवांचे जनित्र मिनिटाला 1500 फेरे घेते तेव्हा 50 हर्ट्झ देते. पण साध्या यांत्रिक नियंत्रकाच्या इंजिनाची गती भाराबरोबर उतरते: भार नसताना 52, पूर्ण भाराला 50, असा चढउतार त्यात गृहीतच असतो. म्हणजे मंचावरचे दिवे उजळले-मालवले की गुणगुण काळी चारपासून पांढरी पाचच्या दिशेने घसरते आणि पुन्हा चढते. शिवाय दिवे मंद करणारी डिमरची यंत्रे प्रत्येक लाटेचा लचका तोडतात. त्याची चरचर त्याच वायरींतून वादकापर्यंत येते. म्हणून जाणते ध्वनियोजक दिव्यांना एक संच आणि आवाजाला दुसरा संच मागतात. आयोजक पैशांसाठी कुरकुरतात. या वादात माझे मत ध्वनियोजकांच्या बाजूचे आहे.

१४/
एवढ्या पार्श्वभूमीवर निवड पाहू.

पेडल एकच असेल, तर नियंत्रित 9 व्होल्टचा चांगला अडॅप्टर पुरे. पेडल चार-पाच झाली की बहुतेक जण एका अडॅप्टरला माळेसारखी वायर लावून सर्वांना वीज देतात. स्वस्त, सुटसुटीत, पण येथेच बेस अडकतो. पेडलची उणे बाजू एकमेकांना दोनदा जोडली जाते, एकदा विजेच्या माळेतून आणि एकदा आवाजाच्या केबलच्या आवरणातून. अशा बंद वळशात आसपासचे चुंबकीय क्षेत्र 50 हर्ट्झचा प्रवाह उमटवते. त्यात माळेतले एक पेडल डिजिटल असले, तर त्याच्या आतल्या घड्याळाची शिट्टी शेजारच्या खरखरीच्या पेडलमध्ये शिरून मोठी होते.

यावर उतारा म्हणजे अलग वाटांचा पुरवठा. त्यात प्रत्येक वाटेसाठी ट्रान्सफॉर्मरचे स्वतंत्र वेटोळे किंवा स्वतंत्र मंडल असते. एकीची उणे बाजू दुसरीला भेटत नाही, त्यामुळे वळसाच बनत नाही. हे महाग असते, आणि 'अलग' असे डब्यावर छापलेले सारेच पुरवठे खरोखर अलग नसतात. दुकानात मल्टिमीटर मागून, पुरवठा बंद असताना, दोन वाटांच्या उणे टोकांमध्ये मापून पाहावे. मीटरने बीप दिली, तर ती माळच आहे, फक्त डब्यात लपवलेली. तपकीर गल्लीत मल्टिमीटर मागितल्याने कोणी नाराज होत नाही.

१५/
मग आकड्यांचा मेळ. दाब जुळलाच पाहिजे, अधिक-उणे जुळलेच पाहिजे, प्रवाहाची क्षमता मात्र गरजेहून जास्त असली तरी चालते. पेडल लागेल तेवढाच प्रवाह ओढते. साधे खरखरीचे पेडल पाच-दहा मिलिअॅम्पिअरवर समाधानी असते. डिजिटल पेडल दोनशे-तीनशे मागते. चौकोनी अल्कलाइन बॅटरीची साठवण साधारण 500 मिलिअॅम्पिअर-तास. पहिल्याला ती कित्येक तालमी पुरेल. दुसऱ्याला एक कार्यक्रमसुद्धा नाही.

अधिक-उणेचा घोळ हाही इतिहासाचा अवशेष. 1966 च्या 'फझ फेस'सारख्या जुन्या पेडलमधील जर्मेनियम ट्रान्झिस्टर उलट्या जातीचे होते, म्हणून त्यांची अधिक बाजू आवरणाला जोडलेली असे. जपानच्या 'बॉस'ने 1977 मध्ये आपली छोटी रंगीत पेडल काढली, आणि त्यांच्या यशामुळे पिनेच्या मध्यभागी उणे ही रीत जगभर रूढ झाली. जुन्या वस्तूंच्या बाजारात त्याच कंपनीची आरंभीची काही पेडल भेटतात, ज्यांवर 'एसीए' असे लिहिलेले असते. ती अनियंत्रित, म्हणजे प्रत्यक्षात 9 हून जास्त देणाऱ्या अडॅप्टरसाठी बनली होती. आजच्या शिस्तशीर 9 व्होल्टवर त्यांचा दिवा मंद होतो आणि लोक ती बिघडली समजून कवडीमोलाने विकतात. बेसच्या काही पेडलना 18 व्होल्टही चालतात. बेसचा संकेत जोरकस असतो, आणि जास्त दाबावर तो न फाटता मोकळा उमटतो. पण पेडलवर तसे स्पष्ट छापलेले असेल तरच. अंदाजाने 18 लावणे म्हणजे पेडलला अग्नी देणे.

१६/
पुण्याचा खास प्रश्न: अमेरिकेहून आलेला पुरवठा. जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी तिकडे आहे, आणि तिकडच्या वस्तू तिकडून मागवण्याचा मोह होतो. आत जुन्या पद्धतीचा ट्रान्सफॉर्मर असलेला 120 व्होल्टचा पुरवठा आपल्या 230 व्होल्टला लावला, तर तो जळतो, हे सर्वांना ठाऊक असते. म्हणून लोक तपकीर गल्लीतून 110 व्होल्टचा स्टेप-डाउन आणतात आणि निश्चिंत होतात. पण स्टेप-डाउन दाब उतरवतो, लय बदलत नाही. लय कमी झाली की ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडावरचा चुंबकीय ताण वाढतो. 120 भागिले 60 म्हणजे 2; 110 भागिले 50 म्हणजे 2.2. हा दहा टक्क्यांचा जादा ताण. ट्रान्सफॉर्मर काठोकाठ मापाने बनवलेला असेल, तर तो तापतो आणि स्वतःभोवती गुणगुण पसरवतो. जवळ ठेवलेल्या बेसच्या पिकअपमध्ये ती हवेतूनच शिरते. ज्यावर '100 ते 240 व्होल्ट, 50/60 हर्ट्झ' असे लिहिले आहे, तेच मागवावे.

१७/
आता सर्वांत गंभीर भाग. बेसच्या तारा केबलच्या आवरणामार्फत अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगला जोडलेल्या असतात. गायकाचा मायक्रोफोन दुसऱ्या यंत्राच्या अर्थिंगला. दोन्ही अर्थिंग एकच असतील, तर प्रश्न नाही. एकीकडे ती नसेल, तर तारांवर हात आणि मायक्रोफोनला ओठ लागताच त्यांच्यामधला दुवा म्हणजे वादकाचे शरीर. 3 मे 1972 रोजी ब्रिटनमधील स्वान्सी येथे 'स्टोन द क्रोज' या बँडचे गिटारवादक लेस हार्वे अर्थिंग नसलेल्या मायक्रोफोनला हात लागून मंचावरच मरण पावले.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत दोन छिद्रांची सॉकेट अजून आहेत. तीन छिद्रांची असली, तरी वरच्या मोठ्या छिद्रामागे कधी कधी वायरच नसते. मंडळाच्या मांडवात तर अर्थिंग म्हणजे ओल्या मातीत खोचलेली एक सळई असते, आणि कधी तीही नसते. गुणगुण घालवण्यासाठी अॅम्प्लिफायरच्या पिनेतील अर्थिंगची वायर तोडायची, हा उपाय अनेक तालमीच्या खोल्यांत पिढीजात चालत आला आहे. गुणगुण खरोखरच जाते, म्हणून तो टिकला. तो कधीही करू नये. वळसा तोडायचा तर पेडलच्या पुरवठ्यात अलग वाटा घेऊन तोडावा, किंवा संकेताच्या मार्गात विलगीकरणाचा ट्रान्सफॉर्मर बसवावा; जिवाला राखणारी वायर शाबूत ठेवावी. नव्या जागी वाजवण्यापूर्वी टेस्टर तारांना आणि मायक्रोफोनच्या जाळीला लावून पाहायला अर्धे मिनिट लागते. त्या सर्किटवर गळती होताच वीज तोडणारा स्विच आहे की नाही, हेही आयोजकाला विचारावे. त्याला राग आला तरी.

१८/
गेल्या काही वर्षांत चक्र उलटे फिरले आहे. मोबाइलच्या पॉवर बँकेतला लिथियम सेल आणि त्याचे पावणेचार व्होल्टच्या आसपास असलेले दाबमान 9 वर चढवणारे छोटे मंडल, एवढ्या जोडीवर पेडलचा संपूर्ण फळा तासन्‌तास चालतो. भिंतीशी नाते नाही, म्हणून पुरवठ्यातून येणारी 50 नाही आणि 100 ही नाही. ज्या एलिमिनेटरने बॅटरी घालवली, त्यालाच बॅटरीने घालवले. मात्र दाब चढवणारे हे मंडल स्वस्त असेल, तर स्वतःची उंच पट्टीतली शिट्टी सोडते, आणि एकाच बँकेवरून निघालेली माळ ही शेवटी माळच. डिजिटल पेडलला येथेही वेगळी वाट द्यावी लागते.

विकत घेण्यापूर्वी आपले सर्वांत खरखरीत पेडल आणि सर्वांत भुकेले डिजिटल पेडल दोन्ही दुकानात न्यावीत, एकाच वेळी जोडावीत, बेसचा आवाजाचा खटका शून्यावर आणावा, अॅम्प्लिफायरचा वाढवावा आणि ऐकावे. ते झाल्यावर सर्वांत जाड तारेच्या तिसऱ्या पडद्यावर बोट ठेवून पांढरी पाच लांबवावी. स्वर हेलकावला नाही, तर पुरवठा घ्यावा.